कर्क्युमिनच्या गोळ्या: दोन डब्यांपैकी कोणती? मदत हवी आहे

वय ६२, वजन ५५ किलो. गुडघ्यांची झीज, टाइप २ मधुमेह. चालू औषधं: मेटफॉर्मिन (साखरेसाठी) आणि वॉरफरिन (रक्त पातळ राहण्यासाठी). एका डबीवर लिहिलंय 'हळद पूड ५०० मिग्रॅ', दुसरीवर 'हळद अर्क ५०० मिग्रॅ, ९५% कर्क्युमिनॉइड्स, पायपरीन ५ मिग्रॅ'. गुडघेदुखी कमी व्हावी, साखरही आटोक्यात राहावी. कोणती घ्यावी?

प्रतिसाद १
वॉरफरिन चालू असताना आपणहून कोणतीच नको. दुसरी तर अजिबात नको.

डब्यांवरचा ५०० हा आकडा फसवा आहे. हळदीत वजनाच्या साधारण ३% कर्क्युमिन असतं, म्हणजे पहिल्या गोळीत जेमतेम १५ मिग्रॅ. दुसरीत कर्क्युमिनॉइड्सच (कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची संयुगं) ४७५ मिग्रॅ. त्यातलंही रक्तात फारच थोडं पोचतं. ते पाण्यात विरघळत नाही, आणि शोषलं गेलेलं आतड्याची भिंत व यकृत लगेच ग्लुक्युरोनाइड (साखरेसारखा एक रेणू) जोडून बाहेर टाकतात. पायपरीन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, नेमकं हेच काम अडवतं. १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिग्रॅ पायपरीन दिल्यावर शोषण २० पट झालं. पण ही अडवणूक फक्त कर्क्युमिनपुरती राहत नाही. फेनिटॉइनसारख्या (फिट्सवरचं औषध) औषधांची रक्तातली पातळीही त्याने वाढते.

प्रश्नकर्ता
मग पायपरीन नसलेला अर्क चालेल का?

प्रतिसाद २
नाही. कर्क्युमिन स्वतःच प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटणं कमी करतं, आणि वॉरफरिनसोबत हळदीच्या गोळ्या घेऊन आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप; वाढलं तर रक्तस्रावाचा धोका) वाढल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांनी हो म्हटलंच, तर आधी आयएनआर तपासा, सुरू केल्यावर आठवड्याभरात पुन्हा.

फायद्याबद्दल: गुडघेदुखीत बऱ्याच लहान चाचण्यांत आराम दिसला आहे, पण त्या काही आठवड्यांच्याच. उपाशीपोटीची साखर थोडी उतरते. मेटफॉर्मिनची जागा ते घेत नाही. कर्करोगाचे दावे बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवरचे. तिथे कर्क्युमिन लवकर विघटित होतं, कित्येक प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे खोटे होकार येतात.

वॉरफरिन नसलेल्यांनीही पित्तनलिकेत अडथळा असेल तर टाळा, कारण कर्क्युमिनने पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. इतरांनी घ्यायचंच असेल तर स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत, एका वेळी एकच नवी गोळी. ८ आठवड्यांत फरक नसेल तर बंद. शस्त्रक्रियेच्या २ आठवडे आधीही बंद.

यकृताची इजा विरळ, पण खरी आहे. जास्त शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांत विशेष. ती बहुधा १ ते ४ महिन्यांनी उमटते, म्हणून 'पहिला महिना काही झालं नाही' यावर विसंबू नका. लघवी गडद, डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेली, की गोळी त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करा. डॉक्टरांना डबी दाखवा.