मदत हवी आहे: आयव्हीएफसाठी रजा – मॅनेजमेंटला कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी एचआर बघते. गेल्या आठवड्यात आमच्या क्यूसी (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमधल्या एका जुन्या सहकारी बाईंनी राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं, घरगुती. दार लावून बसलो तेव्हा कळलं की आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) चालू आहे आणि रजा संपल्यात. दोन वर्षांपूर्वी असाच एक राजीनामा आला होता. तेव्हा मी काही विचारलंच नव्हतं, ते आता फार सलतंय.

पैशांचा प्रश्न नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) 2023 पासून आयव्हीएफ मोफत आहे, त्या तिथेच जातात. अडतंय ते वेळेपाशी. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मध्ये दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, आणि पुढची तारीख स्त्रीबीजं किती वाढलीत ते पाहून ठरते. आमच्याकडे रजेचा अर्ज मात्र तीन दिवस आधी द्यावा लागतो! त्या फोंड्याहून कंपनीच्या बसने येतात, सकाळची बस हुकली की अर्धा दिवस गेलाच. पुढे बीजं काढायचा दिवस (त्याला भूल देतात), भ्रूण सोडायचा दिवस, मग रक्ततपासणीपर्यंत जवळजवळ दोन आठवडे जीव टांगणीला. यश आलं नाही तर अनेकदा सगळं पहिल्यापासून.

मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत बाळंतपणाला 26 आठवडे आहेत, गर्भपात झाल्यास 6 आठवडे आहेत. गर्भ राहावा म्हणून चाललेल्या उपचारांसाठी वेगळी रजा नाही. आमच्या ग्रुप मेडिक्लेममध्येही वंध्यत्वावरचे उपचार वगळलेले आहेत.

माझ्या डोक्यात आहे ते असं: वर्षाला काही भरपगारी दिवस, तासातासाने घेता येतील असे. पुरुषांनाही, कारण तपासण्या त्यांच्याही होतात आणि त्या दिवशी बायकोसोबत कुणी नको का? डॉक्टरांचा कागद फक्त एचआरकडे, सुपरवायझरला नुसतं 'वैद्यकीय' दिसेल. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लॅबमध्ये कुजबुज झाली तर कितीही रजा दिली तरी बाई टिकणार नाही.

साहेबांचं म्हणणं, दोघी-तिघींसाठी धोरण कशाला, उद्या सगळेच मागतील. नवा माणूस घेऊन त्याला सगळ्या टेस्ट मेथड शिकवून स्वतंत्रपणे सही करू देईपर्यंत किती महिने जातात, तोवर बाकीच्यांवर किती ओव्हरटाइम पडतो, हा हिशोब मी मांडणार आहे. तो कसा मांडला की पटतो?

अजून दोन गोष्टी. कुणाच्या कंपनीने रिन्युअलच्या वेळी ग्रुप पॉलिसीत हे उपचार घालून घेतलेत का? प्रीमियममध्ये कितीसा फरक पडला? आणि ही रजा तासांत देताना पंचिंगच्या नोंदी कशा ठेवता?

त्यांची नोटीस महिनाअखेरीस संपते, त्याआधी एका पानाचा प्रस्ताव द्यायचाय. कुणाकडे असं परिपत्रक असेल तर कंपनीचं नाव खोडून फक्त मजकूर दिलात तरी चालेल.