पातळ पिक की जाड? तुमच्या हाताचा कौल सांगा

गिटार घेताना लाकूड, तारा, अ‍ॅम्प यांचा आपण कीस पाडतो. तारेला प्रत्यक्ष भिडणारं पिक, म्हणजे तारा छेडायचा तो छोटा चपटा तुकडा, मात्र हाताला लागेल ते उचलतो. माझ्या मते एवढ्या कमी खर्चात आवाज इतका बदलणारी दुसरी गोष्ट नाही, म्हणून हा धागा. तुम्ही काय वाजवता, किती जाडीचं पिक वापरता, का वापरता, ते लिहा. 'मला आवडतं' एवढ्यावर थांबू नका, हात नेमकं काय करतो तेही सांगा.

नव्यांसाठी ढोबळ हिशेब: ०.६ मिमीपर्यंत थिन, ०.८ च्या आसपासपर्यंत मीडियम, १.२ पर्यंत हेवी, १.५ आणि पुढे एक्स्ट्रा हेवी. या सीमा कंपनीगणिक सरकतात. त्यामुळे पाकिटावरच्या शब्दापेक्षा पिकवर छापलेला आकडा बघावा.

सुरुवात माझ्यापासून. मी अकूस्टिकवर गाण्यांना साथ करते, म्हणजे जवळजवळ सगळं स्ट्रमिंगच, सगळ्या तारांवरून एकत्र हात फिरवणं. माझं पिक ०.६०. हात खाली येताना ते प्रत्येक तारेपुढे थोडं नमतं घेतं, त्यामुळे सहा तारांचा आवाज एकजीव येतो, एखादी तार मध्येच ठणकत नाही. शिवाय पिक तारेवर आपटल्याचा बारीक 'चक्' ऐकू येतो. सोबत तालवाद्य नसेल तेव्हा तो मला हवाच असतो, गाणाऱ्याला लय त्यातून मिळते. सुटे सूर वाजवायची वेळ आली की मात्र हे पिक अपुरं पडतं.

सहावी तार

मी अगदी दुसऱ्या टोकाला. इलेक्ट्रिक, बहुतेक लीड (म्हणजे सुट्या सुरांच्या धून), आणि पिक 'जॅझ थ्री' नावाचं, १.३८ मिमी. आकाराने लहान, टोक अणकुचीदार.

पातळ पिक लीडला का चालत नाही, ते सांगतो. पिक तारेला टेकतं, आधी स्वतः वाकतं, मग तार सोडतं, मग सरळ होतं. संथ वाजवताना हे कळतही नाही. सोळाव्या मात्रांचा पल्ला वेगात घेतला की पिक सरळ व्हायच्या आत पुढचा फटका आलेला असतो, आणि सूर हाताच्या किंचित मागे राहतात. जाड पिक वाकत नाही. हात हलला की सूर आला.

पण जाड पिक तारेला सपाट, समांतर धरलं तर ते अडकतं. ते थोडं तिरकं धरावं लागतं, म्हणजे कड आधी जाते आणि पिक तारेवरून घसरतं. तिरकेपणा वाढवला की आवाज गोल होतो. फार वाढवला तर जाड गुंडाळीच्या तारांवर खरखर येते. हा कोन सापडेपर्यंत बरेच जण 'जाड पिक मला जमत नाही' म्हणून ते सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बाहेर टोकही जेमतेम दोन-तीन मिमी ठेवावं.

कॅपो

आकड्याइतकंच मटेरियल महत्त्वाचं, हे इथे यायलाच हवं. नायलॉनचं १ मिमी आणि टॉरटेक्सचं (डनलॉप कंपनीचं प्लास्टिक) १ मिमी शेजारी ठेवून अंगठ्याने वाकवून बघा. नायलॉन बरंच मऊ लागतं. सेल्युलॉइडचा आवाज उबदार, पण टोक लवकर झिजतं. अल्टेक्स (हेही डनलॉपचंच प्लास्टिक) टणक, त्याचा आवाज उजळ आणि धारदार. त्यामुळे मित्र '०.८८ घे' म्हणाला तर 'कशाचं?' हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टॉरटेक्समध्ये रंगावरून जाडी कळते: लाल ०.५०, नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.०, जांभळं १.१४. मंचावरच्या अंधुक उजेडात आकडा वाचता येत नाही, रंग दिसतो. मी पिवळं आणि हिरवं दोन्ही जवळ ठेवतो, गाण्याप्रमाणे बदलतो.

थोडं अवांतर, पण मला मोलाचं वाटतं. पूर्वी उत्तम पिक हॉक्सबिल कासवाच्या कवचाचं मानलं जाई. १९७५ साली लागू झालेल्या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. टॉरटेक्ससारखी पिकं तो पोत आणि ती पकड कृत्रिम मटेरियलमध्ये आणण्यासाठीच निघाली. कासवाचा जीव वाचला आणि आपलं वाजवणंही अडलं नाही.

तळसूर

बेस वाजवते. थिन पिक बेसच्या तारेवर नुसतं दुमडतं, तार हलतच नाही. माझं पिक मोठं, त्रिकोणी, १ मिमीच्या वरचं. त्रिकोणी असल्यामुळे तिन्ही कोपरे वापरता येतात, एक झिजला की फिरवायचं.

रियाजघर

मी शिकवतो, तेव्हा माझा अनुभव माझ्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या हातांचा आहे.

वर पातळ पिकवालीने आणि जाड पिकवाल्या 'सहावी तार'ने लिहिलेलं दोन्ही खरं आहे आणि मुळात ते एकच आहे. तार ओढली जाताना कुठेतरी लवचिकता लागतेच. ती पिकमध्ये नसेल तर पकडीत आणि मनगटात असावी लागते. जाड पिकने स्ट्रमिंग करणारे चांगले वादक नीट बघा: पिक त्यांच्या बोटांत सैल असतं, प्रत्येक तारेशी किंचित मागे झुकतं, मनगट हात झटकल्यासारखं मोकळं फिरतं. मऊपणा पिकमधून हातात गेलेला असतो. नवख्याचं मनगट अजून ताठ असतं, म्हणून पातळ पिक त्याला सोपं वाटतं. ते त्याच्या वतीने वाकतं.

म्हणून सुरुवातीला मी ०.७३ देतो. त्यात स्ट्रमिंग निभतं आणि सुटे सूरही स्वच्छ येतात. कॉर्ड बदलताना हात थांबेनासा झाला की मुद्दाम १ मिमी हातात देतो. पहिल्या आठवड्यात तक्रार येते: तारा ठणकतात, पिक निसटतं. मी पिक बदलत नाही, पकड बघतो. पिक अंगठ्याच्या पेराखाली आणि तर्जनीच्या कडेवर बसलंय ना? बोटांच्या टोकांनी चिमटीत धरलं की ते फिरतंच. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबलेलं दिसलं की 'सोड थोडं' एवढंच सांगतो. पकड सैल झाली की त्याच पिकमधून त्याच तारांचा आवाज भरदार येतो, आणि विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो.

पातळ पिकवर कायम राहण्यातही कमीपणा नाही. पण ते हाताने निवडलेलं असावं, हात ताठ आहे म्हणून गळ्यात पडलेलं नसावं.

दुपारची मैफल

वयानुसार अंगठ्याचा सांधा दुखतो, म्हणून मला जाडीचा प्रश्न वेगळ्या बाजूने भेटला. पातळ, गुळगुळीत पिक निसटू नये म्हणून मी नकळत दाबून धरायचे आणि अर्ध्या तासात ठणका लागायचा. आता २ मिमीचं, रुंद, खडबडीत पकडीचं पिक वापरते. धरायला भरीव वाटतं, दाबावं लागत नाही. कड घासून गोल केलेली आहे, त्यामुळे अकूस्टिकवर आवाज टोचत नाही. सांधेदुखी असणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

ट्रॅक दोन

रेकॉर्डिंग करतो. अकूस्टिक रिदम (साथीची गिटार) इतर वाद्यांच्या गर्दीत बसवायची असेल तर वादकाच्या हातात ०.५० च्या जवळपासचं पिक देतो. खालचे सूर आपोआप हलके होतात, वरची चमक आणि ठोका राहतो, मागाहून इक्वलायझर कमी लागतो. एकट्या गिटारवर गाणं असेल तर उलट, जाड पिक. नाहीतर आवाज पोकळ वाटतो. एकच भाग दोन जाडीच्या पिकांनी वाजवून डावी-उजवीकडे ठेवला तर दोन वेगळ्या गिटारी वाटाव्यात इतका फरक पडतो.

सहावी तार

@रियाजघर, सैल पकडीबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. जिप्सी जॅझवाले तर ३ मिमी आणि त्याहून जाड पिकनेही रिदम वाजवतात, ती सगळी मनगटाचीच कमाल. आणि 'क्वीन' बँडचे गिटारवादक ब्रायन मे पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरतात, ते जराही वाकत नाही. तरी त्यांचा सूर किती गातो!

नवी वही

सगळे प्रतिसाद वाचून काढले. माझ्याकडे बारा तारांची गिटार आहे, तिला काय सुचवाल?

कॅपो

बारा तारांना थिन. तारा जोडीने असतात आणि जोडीतल्या दोन्ही तारा एका फटक्यात वाजायला हव्यात. जाड पिक पहिल्या तारेवर अडकून दुसरीला ओझरतं लागतं. नायलॉनचं ०.६० घ्या, टोक गोलसर बघा. सुट्या सुरांची वेळ आली तर तेच पिक टोकाजवळ धरा. बाहेर कमी राहिलं की ते तेवढ्यापुरतं कडक होतं.