मदत हवी आहे: हवेतल्या विषाची सुरक्षित मर्यादा आणि आपले फवारणीवाले

नमस्कार मंडळी, मी परभणीकडचा, एमएस्सीच्या सेमिनारला नर्व्ह एजंटचा, म्हणजे नसांवर काम करणाऱ्या युद्धातल्या विषारी रसायनांचा विषय घेतलाय. त्यातल्या सरीनसाठी अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथली सरकारी आरोग्य संस्था) 2003 मध्ये हवेतली मर्यादा ठरवली, कामगाराला 8 तासांच्या सरासरीनं घनमीटरला 0.00003 मिलिग्रॅम आणि सामान्य माणसाला 24 तासांसाठी 0.000001, म्हणजे तीसपट कमी. लेकरं, म्हातारे, दमेकरी धरायचे म्हणून मर्यादा कडक हे पटतं, पण मर्यादा काढताना सुरक्षेसाठी ज्यानं भागतात ते आकडे नेमके कशावरून घेतात ते कुणी सोपं करून सांगाल का? डोळ्याची बाहुली बारीक होणं ही विष लागल्याची पहिली खूण धरतात एवढं कळलं.

खरं कारण वेगळंच हाय. आपल्याकडं कापसावर मारतेत ती ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं पण सरीनसारखंच कोलिनेस्टरेज (नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं एन्झाइम) बंद पाडतात, जोर कमी असला तरी. गावात सालगडी तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर फवारायलेत, त्यात औषध कातडीतून पण जातं, मग नुसती हवा मोजून काय कळणार? म्हणून सीझनच्या आधी आणि नंतर रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासायचं म्हणतोय. आरबीसीमधलं (तांबड्या पेशींतलं) तपासायचं का प्लाझ्मातलं (रक्ताच्या पातळ द्रवातलं), आणि किती टक्के उतरलं की माणसाला फवारणीवरून काढायचं? लॅबवाले, डॉक्टर कुणी असाल तर प्लीज सांगा, फवारण्या सुरू व्हायच्या आत पाहिजे.