क्रूप (लहान मुलांच्या स्वरयंत्राला येणारी सूज): मूल शांत झाल्यावरही चार तास का थांबवले?

प्रश्न (एक आई)
माझ्या पावणेदोन वर्षांच्या मुलाला परवा मध्यरात्री कुत्रा भुंकावा तसा खोकला सुरू झाला, आवाज बसला आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येऊ लागला. रुग्णालयात त्याला माझ्या मांडीवरच ठेवून नेब्युलायझरने (औषधाचा बारीक फवारा श्वासातून देणाऱ्या यंत्राने) ॲड्रेनालिन दिले आणि डेक्सामेथासोनचा एकच डोस पाजला. वीस मिनिटांत तो खेळू लागला, तरीही आम्हाला चार तास थांबवले आणि घरी सोडताना अँटिबायोटिकही दिले नाही. एवढ्याने भागते का?

उत्तर १ (बालरोग विभागातील डॉक्टर)
भागते. या दोन औषधांची कामे वेगळी आहेत. ॲड्रेनालिनमुळे स्वरयंत्राखालच्या सुजलेल्या अस्तरातील रक्तवाहिन्या आकसतात आणि दहा ते तीस मिनिटांत श्वास मोकळा होतो. परंतु हा परिणाम साधारण दोन तासांत ओसरतो आणि मूळची सूज तेवढीच असेल तर त्रास पुन्हा डोके वर काढतो. तो तुमच्या घरी, पहाटे, उद्भवू नये म्हणून तुम्हाला थांबवले. डेक्सामेथासोन मात्र सूजच उतरवते. त्याला काही तास लागतात, पण शरीरात ते दीड-दोन दिवस टिकते, म्हणून किलोमागे 0.15 ते 0.6 मिलिग्रॅमचा एक डोस बहुधा पुरतो. मूल औषध ओकत असेल तर बुडेसोनाइड हे सूज उतरवणारेच औषध नेब्युलायझरने देणे हा पर्याय असतो. आजार विषाणूंचा, बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झाचा, असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

मांडीवर ठेवणे हाही उपचाराचाच भाग समजा. मूल रडू लागले की अरुंद वाटेतून हवा जोरात ओढली जाते आणि दम वाढतो. म्हणून आम्ही सुई टोचणे किंवा घसा तपासणे शक्यतो टाळतो.

उत्तर २ (एक पालक)
आमच्याकडे अशा वेळी वाफारा देतात, आणि दम्याचे साल्ब्युटामॉल घरात असतेच. ते देऊन पाहायला काय हरकत आहे?

उत्तर ३ (तेच डॉक्टर)
साल्ब्युटामॉल छातीतील बारीक श्वासनलिका रुंद करते. इथे अडथळा त्यांच्या वर, स्वरयंत्रापाशी आहे. वाफाऱ्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, आणि गरम पाण्याने भाजलेली मुले मात्र आम्ही पाहतो.

पुन्हा प्रश्नकर्ती
काल रात्री खोकला थोडा परतला, पण श्वासाचा आवाज नव्हता. पुन्हा न्यावे का?

उत्तर ४ (तेच डॉक्टर)
नुसता खोकला दोन-तीन रात्री राहू शकतो. मूल शांत बसलेले असतानाही श्वास घेताना तो कर्कश आवाज येत असेल किंवा बरगड्यांखालची त्वचा आत ओढली जात असेल, तर लगेच न्या. लाळ गळणे, गिळता न येणे, ओठ निळसर होणे किंवा खूप ताप असून मूल मलूल दिसणे ही लक्षणे क्रूपखेरीज दुसऱ्या गंभीर आजाराचीही असू शकतात. तेव्हा सकाळची वाट पाहू नका.