वास येतो तेच बरं

थंड करणारा वायू म्हणून अमोनिया काढून फ्रीऑन भरला की संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजचा धोका मिटला, असं एकानं लिहिलंय. अर्धंच पटलं. आर-२२ हा फ्रीऑनचाच एक प्रकार, त्याचा एक किलो हवेत गेला तर १०० वर्षांच्या हिशोबात सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, ओझोनलाही खातो. अमोनिया यातलं काहीच करत नाही. शिवाय फ्रीऑनला वास जवळजवळ नाही. बंद खोलीत खाली साचतो, माणूस गुदमरेपर्यंत कळत नाही.

अमोनिया गरीब आहे असं मात्र नाही. ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग झाले की, जीवावर बेततं. पाण्याचा लोभी, म्हणून आधी डोळे, घसा नि फुफ्फुसं धरतो. हवेपेक्षा हलका, वर निघून जाईल, या भरवशावर राहू नका: द्रव सांडला की थंड पांढरा ढग जमिनीलगत सरकतो. तोंडावर ओला दुपट्टा धरून वाऱ्याला आडवं पळायचं. साचलेल्या द्रवावर पाणी ओतू नका, आणखी उसळतो, फवारा मारायचा तो ढगावर. ते पाणी नाल्यात गेलं तर मासे मेलेच समजा.

आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात कोल्ड स्टोरेजवाल्यांना विचारायचं असेल तर एवढंच विचारा: कॉम्प्रेसरचं तेल काढताना मास्क घालून दुसरा माणूस जवळ उभा असतो का? अमोनिया गळतीचे बरेच अपघात तिथंच होतात.