पश्चिमेच्या गच्चीला मधुमालतीच लावा

पश्चिमेकडच्या उघड्या गच्चीवर कोणता वेल लावावा असं विचारलं की कुणी मनीप्लांट सुचवतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात त्याची पानं करपतात हो. तो सावलीतला गडी. आमची गच्ची पुण्यात, दुपारी दोननंतर फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. तिथे टिकली ती मधुमालती. संध्याकाळी फूल उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लालभडक. एकाच घोसात तिन्ही रंग लोंबत असतात आणि रात्री वासाने जीव खुळावतो. मात्र कुंडी मोठी हवी, निदान दीड फूट खोल. आणि बहर ओसरला की कात्री चालवायला कचरायचं नाही, नाहीतर शेजाऱ्यांच्या गच्चीत पोचलीच म्हणून समजा. आमची पोचली होती. शेजारच्या काकूंनी फुलांवर समाधान मानलं, हे नशीब.

बोगनवेलही दणकट, पण तिला लाडाने रोज पाणी घालू नका. नुसती पानंच वाढतात. माती चांगली सुकू द्या, मग बघा रंग. काटे मात्र असतात, घरात लहान मूल असेल तर विचार करा.

जानेवारीत केशरी पडदा हवा असेल तर संक्रांतवेल. बाकी वर्षभर नुसती हिरवी.

आणि वेलाच्या आधाराला नायलॉनची दोरी बांधू नका, उन्हाने ठिसूळ होते. आमचा अख्खा वेल एका वळवाच्या पावसात खाली आला होता. आता जाड तार आहे.