मदत हवी आहे: जेटीवरच्या फलकावर 'नॉट' कसं लिहावं?

मंडळी, हर्णै, मिरकरवाडा, मालवणकडच्या तांडेल-खलाशांनी जरा सांगावं. जेटीसाठी वाऱ्याचा तक्ता तयार करायचाय. हवामानाच्या इशाऱ्यात वारा बहुधा ताशी किलोमीटरमध्ये येतो, बोटीवरचा जीपीएस वेग दाखवतो नॉटमध्ये. 1 नॉट म्हणजे तासाला 1 सागरी मैल, 1.852 किलोमीटर. 'ताशी 45 ते 55' म्हणजे साधारण 24 ते 30 नॉट. उलट 30 नॉटला कुणी 30 किलोमीटर समजलं, तर वारा जवळपास निम्माच वाटतो. खरा घोटाळा तिथेच. (आणि 'ताशी 20 नॉट' म्हणू नये, 'ताशी' त्यातच आलं.) नॉटचे किलोमीटर करायचा तोंडी हिशेब: दुप्पट करा, आलेल्या आकड्याचा दहावा भाग वजा करा. 20 चे 40, वजा 4, झाले 36. खरा आकडा 37, चालतंय.

अडलंय ते नावावर. नुसतं 'नॉट 20' लिहिलं तर नवशिका 'नाही' असं वाचेल. 'गाठ' लिहावं तर दोराची किंवा फळीतली गाठ डोळ्यासमोर येते, जरी मूळ तेच असलं तरी: पूर्वी जहाजावरून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजत.

तुमच्याकडे बोटीवर काय म्हणतात? दोन्ही आकडे शेजारी द्यावेत की फक्त किलोमीटर?